कुरणवाडीवरून जाताना

“बाहेरच्या माणसाकडून काहीही घ्यायचं नाही,” पुण्याहून आलेल्या पंचबाई माईकवर सांगत होत्या. “पाणी नाही, केळं नाही, टॉवेलसुद्धा नाही. जे लागेल ते आमच्या स्टॉलवर मिळेल, नाहीतर स्वतःबरोबर ठेवा. कुणाकडून काही घेताना दिसलात की बाद.”

मी हात वर केला. त्या हॉलमध्ये केसांत गजरा माळलेली मी एकटीच, त्यामुळे हात लगेच दिसला.

“मॅडम, एखाद्यानं प्रेमानं हातावर गूळ-शेंगदाणे ठेवले तर?”

“बाद.”

“आणि नुसतंच पाणी?”

“तरी बाद.”

“मग आमच्या कोल्हापुरात अवघड आहे,” मी म्हणाले. “इथं ओळख नसली तरी चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत माणसाला.”

अख्खा हॉल हसला, पंचबाई तेवढ्या हसल्या नाहीत. तिशी-बत्तिशीची काटक पोरगी होती, केस बारीक कापलेले, तोंडावर कुठं म्हणून सुरकुती नाही आणि माया पण नाही. मला ती आवडली. नियम म्हणजे नियम म्हणणारी माणसं मला पहिल्यापासून आवडतात, कारण मी स्वतः तशी नाही.

या गोष्टीला आता आठ-नऊ वर्षं झाली असतील. ट्रायथलॉन हा शब्द तेव्हा आमच्या पेठेत धड कुणाला म्हणता येत नव्हता. कुणी ‘ट्रायल’ म्हणायचं, कुणी ‘त्रिकूट’. मी सरळ सांगायची, आधी तलावात पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, आणि सायकलवरून उतरलं की पळत सुटायचं. तिन्ही एका दमात, ठरलेल्या वेळेच्या आत. हे ऐकून बायका विचारायच्या, “आणि मिळतं काय?” मी म्हणायची, “पदक मिळतं आणि झोप चांगली लागते.”

मी तेव्हा सेहेचाळिशीची. माझं मिरची कांडपाचं मशीन आहे. दिवसभर एका जागी बसून रक्तात साखर निघाली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर पोहा. चालायचा मला मुळात कंटाळा, म्हणून मी तलावावर गेले. तिथं पोहायला शिकवणाऱ्या मुजावर सरांनी मला पाण्यात पाहिलं आणि काठावर बोलावून घेतलं.

“ताई, कुठं शिकला हे?”

“माहेरच्या विहिरीत. वडलांनी पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधला आणि दिलं ढकलून.”

“सायकल येते?”

“येते की.”

“पळायला?”

“अजून तशी वेळ आली नाही माझ्यावर.”

सर पोट धरून हसले, आणि पुढची दोन वर्षं त्यांनी माझी हौस फेडली. पहाटे पोहणं, रविवारी सायकल, आणि मधल्या वारी ते मेलं पळणं. गल्लीतली माणसं दात घासत दारात उभी राहून बघायची. कुणी म्हणालं, ताराक्काला येड लागलं. लागू दे म्हटलं. येड लागल्यापासून साखर उतरली होती, आणि मशीनवर येणाऱ्या बायकांत माझा दरारा दुप्पट झाला होता.

तर त्या शनिवारी संध्याकाळी पंचबाईंचे नियम झाले, आणि मग आयोजकांपैकी एकानं भिंतीवर नकाशा लावला. पुलाचं काम निघाल्यामुळे सायकलचा रस्ता ऐनवेळी बदलला होता. नव्या रस्त्यावर त्यानं काठी फिरवली आणि एकेक गाव वाचलं. तिसरं नाव कुरणवाडी.

कुरणवाडी माझं माहेर. पाच वर्षांत मी त्या शिवारात पाऊल टाकलं नव्हतं.

झालं होतं असं. माझा धाकटा भाऊ दौलत. त्याची थोरली पोर अमृता, कॉलेजला माझ्याकडं राहून शिकली. तिनं आपलं आपण एक पोरगं पसंत केलं. पोरगं चांगलं, कामधंद्याचं, पण दौलतनं तोवर दुसरीकडं सुपारी फोडलेली. पोर माझ्या दारात येऊन रडायला लागली. मी दौलतला समजावलं, चारदा समजावलं, आणि पाचव्यांदा समजावत बसायच्या ऐवजी माझ्याच दारात मांडव घालून तिचं लग्न लावून दिलं. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो लग्नाला आला नाही. चार दिवसांनी मी गावी गेले, तर ओसरीतच मला म्हणाला, “आक्का, आजपासनं मला बहीण न्हाई. परत या घराकडं फिरकू नकोस.”

बरं, गंमत बघा. वर्षभरानं अमृताला पोरगा झाला, आजोबांनी तो मांडीवर घेतला, आणि पोरीला सगळं माफ. जावई तर इतका लाडका की पहिल्या काकवीची बरणी त्याच्या घरी. राग उरला तो सगळा माझ्या नावावर. त्यालाही कुणावर तरी ठेवायला पाहिजेच होता म्हणा. पाच भाऊबिजा मी ताट न करता काढल्या. मी हट्टी, तो माझ्याहून हट्टी, एका आईची लेकरं.

घरी आल्यावर आमच्या ह्यांना सांगितलं. हे चहा पीत होते, कप तसाच हातात राहिला.

“कुरणवाडीतनं? म्हणजे अगदी घरावरनं?”

“घर रस्त्याला लागूनच आहे, ते काय उचलून बाजूला ठेवणार आहेत?”

“मग काय करणार तू?”

“काय करणार म्हणजे? सायकल चालवणार. रस्ता काय त्याच्या बापाचा आहे?”

“बाप तुमचा दोघांचा एकच की गं.”

“तुम्ही चहा प्या.”

एवढंच बोलणं झालं. पण आमच्या ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी सायकलच्या चाकांत हवा भरायला खाली गेले, तेवढ्यात ह्यांनी अमृताला फोन लावला. अमृतानं तिच्या आईला लावला. हे मला नंतर कळलं.

सकाळी तलावावर गार वारा होता. दिवाळी होऊन आठवडा झालेला. अंगाला चिकटलेला तो काळा पोशाख, डोक्याला गुलाबी टोपी, दंडावर शाईनं काढलेला नंबर. आरशात बघितलं तर मीच मला ओळखलं नसतं. काठावर सगळी तरणी पोरं-पोरी हात-पाय झाडत होती. माझ्या वयोगटात आम्ही तिघीच होतो. एक सांगलीची डॉक्टर, एक बेळगावची बँकेतली, आणि मी. डॉक्टरबाई पाण्याकडं बघून म्हणाली, “तळ दिसत नाही हो.”

“आमच्या विहिरीचा कधीच दिसला नाही,” मी म्हणाले. “वरच बघायचं.”

भोंगा झाला आणि आम्ही पाण्यात शिरलो. पाण्याचं मी फार सांगत नाही, कारण सांगितलं की बढाई वाटते. टाचा लागतात, कुणाचा हात कानशिलात बसतो, नाकात पाणी जातं. पण पाणी मला कधी परकं वाटलं नाही. दोन हात मारून एकदा मान वर, लांबचा पिवळा फुगा डोळ्यांत धरायचा, परत मान खाली. बाहेर आले तेव्हा मुजावर सर काठावरून ओरडले, “ताई, त्या दोघी अजून निम्म्यात आहेत.” मी पळत सायकलीपाशी गेले.

तिथं पंचबाई उभ्याच. मी घाईत सायकल उचलली, तर म्हणाल्या, “आधी हेल्मेटचा पट्टा. मग सायकलला हात.”

“पट्टा लावते की, मॅडम.”

“सायकल ठेवा. पट्टा लावा. मग उचला.”

मी सायकल ठेवली, पट्टा लावला, मग उचलली. मनात म्हटलं, हिच्या सासूचं कसं होत असेल.

गाव मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूला ऊस, मध्येच एखादी ट्रॉली, कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं त्याचा वास. पायांत जोर होता. एकेक सायकल मागं टाकत होते. सरांनी सांगितलेलं, कुणाच्या मागच्या चाकाला चिकटायचं नाही, वाऱ्याचा आडोसा घेतला तर दंड होतो. मला आडोशाची गरज नव्हती. मला भीती कशाची असेल तर ती पुढच्या गावाची होती.

खरं सांगते, मला वाटत होतं तो दिसावा. आणि मला वाटत होतं तो दिसू नये. दिसला आणि त्यानं तोंड फिरवलं तर काय, हे मला रात्रभर कळलं नव्हतं. पाच वर्षं एक आशा धरून ठेवता येते, की अजून विचारलेलं नाही, म्हणून अजून नाही म्हटलेलं नाही. आज ते समोरासमोर विचारल्यासारखंच होणार होतं.

कुरणवाडीची कमान आली. देवळापाशी माणसं उभी होती, पोरं टाळ्या वाजवत होती. आयोजकांचा पाण्याचा स्टॉल गेला. आणि मग आमचं घर. घरापुढं पाच-सहा बायका, आणि सगळ्यांच्या पुढं दौलतची बायको शालन, डोक्यावर पदर, हातात ताट. ताटात नारळ, खण, तांदूळ, हळदी-कुंकवाची कोयरी. मला लांबूनच समजलं काय ते. ओटी.

लेक माहेराच्या दारावरून जाते आणि मोकळ्या ओटीनं जाते, हे आमच्यात होत नाही. आणि लेकीनं भरायला आणलेली ओटी नाकारली, तर तिनं स्वतः होऊन माहेर तोडलं असा अर्थ होतो. मग मागं फिरायला काही राहत नाही. शालननं सगळ्या जगाच्या देखत विचारलं होतं.

“वन्सं,” ती ओरडली, “थांबा की.”

मी तिच्या मागं बघितलं. ओसरीच्या खांबाला टेकून दौलत उभा होता. हाताची घडी, टोपी कपाळावर ओढलेली. तोंड फिरवलं नव्हतं, पण पुढंही आला नव्हता.

माझे हात ब्रेकवर गेले. आणि त्याच वेळी मागून मोटरसायकलचा आवाज आला. मान वळवली तर मागच्या सीटवर पंचबाई, हातात वही आणि पेन.

मला काय सुचलं ते मीच सांगू शकत नाही. मी ओरडले, “येताना. येताना थांबते.” आणि पाय मारत सुटले.

त्याच रस्त्यानं परत फिरायचा वळसा पुढं होता तिथपर्यंत माझं डोकं कांडप मशीनच्या वर झालं होतं. एक मन म्हणे, अगं, दोन वर्षं. पावसात पळलीस, तापातनं उठून पळलीस, लोकांची बोलणी खाल्लीस. त्या दोघी मागं आहेत, पहिला नंबर ठेवल्यासारखा तुझा आहे. एका नारळानं सगळं घालवणार? त्या बाई नारळाला नारळ म्हणणार नाहीत, बाहेरची मदत म्हणणार. दुसरं मन म्हणे, शर्यती दर वर्षी होतात. शालन ताट घेऊन परत रस्त्यावर उभी राहील का? दौलत परत खांबाशी येऊन उभा राहील का? पन्नाशीला आलेल्या माणसांकडं हट्ट करायला अशी किती वर्षं असतात?

मध्येच एक फालतू विचारही आला. ओटी घ्यायची कशात? पदर नाही, ओढणी नाही, अंगावर हा चिकट कपडा. हेल्मेटमध्ये घ्यायची का? एकटीच हसले, आणि हसता हसताच ठरून गेलं. थांबायचं. सायकल आडवी टाकायची, ओटी घ्यायची, बाईंना सांगायचं काटा माझं नाव, आणि नाव काटलं तरी पुढं जाऊन पळायचं. पदक नको म्हटलं की शर्यतीत कुणाचं काय जातं?

ठरलं तसं अंग एकदम हलकं झालं. वळसा घेतला आणि परतीला लागले. वारा तोंडावर होता तरी सायकल पळत होती. कुरणवाडीचं देऊळ दिसलं तसा मी वेग कमी केला. घर दिसलं. उजवा पाय पॅडलवरून काढला.

बायका होत्या तिथंच होत्या. पण दौलत आता खांबाशी नव्हता. तो रस्त्याच्या कडेला आला होता आणि दोन्ही हात पसरून बायकांना मागं रेटत होता. शालन पुढं यायला बघत होती. माझ्या डोळ्यांदेखत त्यानं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडं पाठ केली. वर एक हात मागं करून मला हलवला, जा, जा म्हणून. कोंबडी हाकलतात तसा.

मी काढलेला पाय परत पॅडलवर ठेवला.

कसं वाटलं ते सांगायला हवं. रडू आलं नाही. कान गरम झाले. मी थांबायला आले होते, सगळं सोडून. आणि हा माणूस बायकोच्या हातातनं ताट ओढून घेतो, भर रस्त्यात, अख्ख्या गावासमोर? बरं झालं, म्हटलं. विचारायचं राहिलं होतं ते विचारून झालं. दौलत, आजपासनं मला पण भाऊ नाही.

सायकल ठेवून पळायला लागले ती त्या रागावरच. पळण्याचा भाग माझा सगळ्यात कच्चा, सरांना तिथंच काळजी होती. तलावाच्या भोवतीनं फेऱ्या मारायच्या होत्या. ऊन चढलं होतं, पाय लाकडाचे झाले होते, पण मी थांबले नाही. प्रत्येक फेरीला आमचे हे झाडाखाली उभे राहून काहीतरी विचारायचे, मी उत्तर देत नव्हते. शेवटी सर माझ्या बाजूनं कठड्यापलीकडून चालत आले.

“ताई, जरा हळू. शेवटी पाय धरतील.”

“धरू देत.”

“काय झालं?”

“काही नाही. माहेर संपलं.”

सर बिचारे चालायचे थांबले.

शेवटच्या फेरीला डाव्या पोटरीत गोळा यायला लागला. मी फरपटतच त्या कमानीखाली गेले. कुणीतरी गळ्यात पदक घातलं, कुणीतरी माईकवर माझं नाव घेतलं, वयोगटात पहिली म्हणाले, टाळ्या वाजल्या. मला खुर्चीवर बसवलं आणि टॉवेल दिला. वेळेच्या आत आले होते, चांगली आत. आणि मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं.

“वन्सं.”

वर बघितलं तर शालन. तेच ताट, वर रुमाल झाकलेला. मागं दौलत. दुधाच्या टेम्पोतनं आले होते, दोघांच्या अंगावर धूळ.

माझा पारा चढला. “आता कशाला आलात? गावाला तमाशा दाखवून झाला न्हवं? ताट काढून घेतलंस की रे तिच्या हातातनं. आता इथं काय राहिलंय?”

दौलतनं माझ्याकडं बघितलंच नाही. त्यानं टोपी काढली, आणि पलीकडं पंचबाई कागद घेऊन उभ्या होत्या तिथं गेला.

“मॅडम, आता भरली तर चालतंय न्हवं?”

“आता चालेल,” बाई म्हणाल्या. “त्यांची शर्यत संपली.”

“नक्की? परत नाव काटणार न्हाई?”

“नाही काटणार, काका.”

“न्हाई म्हणजे, लिहून झालंय न्हवं सगळं? मागनं कुणी येऊन म्हणायला नको.”

“झालंय लिहून. त्या पहिल्या आहेत.”

मी शालनकडं बघितलं, शालन माझ्याकडं. बाई दोन पावलं पुढं आल्या आणि पहिल्यांदा जरा हसल्या.

“तुम्ही ‘येताना’ म्हणून पुढं गेलात ना, तेव्हा मी तिथं थांबले,” त्या म्हणाल्या. “या ताईंना सांगितलं की हे दिलंत तर त्या बाद होतील. मग हे काका खांबापासून आले आणि म्हणाले, नारळसुद्धा? मी म्हटलं, नारळसुद्धा. म्हणाले, तांदळाचा दाणासुद्धा? मी म्हटलं, हो. तुम्ही परत येऊन पुढं जाईपर्यंत तिथंच उभे होते. कुणालाही रस्त्यावर येऊ दिलं नाही त्यांनी.”

“मला ढकललं की हो,” शालन म्हणाली. “काय सांगू वन्सं, पोटच्या पोरागत ताट कवटाळून धरलं.”

दौलत टोपी हातात फिरवत उभा होता, बघत होता तलावाकडं.

“तू थांबणार व्हतीस,” तो म्हणाला. “पाय काढला व्हतास पॅडलवरनं. बघितला मी.”

“मग?”

“मग काय मग? दोन वर्सं मर मर मेलीस म्हणं. अमृता सांगत असती समदं. कवा पळालीस, कवा ताप आला. आन एका नारळापायी घालवायला निघालीस. अक्कल म्हणून न्हाई.”

“नारळाला कोण विचारतंय,” मी म्हणाले. “तुझ्यापायी घालवायला निघाले होते.”

त्यानं टोपी डोक्यावर घातली, परत काढली. शालननं डोळे पुसले आणि लगबगीनं म्हणाली, “पदर धरा, वन्सं.” पदर कुठला? मी तो शर्यतीचा टॉवेलच पुढं पसरला. तिनं कुंकू लावलं, ते घामानं नाकावर ओघळलं. नारळ, खण, तांदूळ, हळकुंड, सगळं टॉवेलात पडलं. पंचबाई कागद छातीशी धरून नीट उभ्या राहून बघत होत्या, काही चुकतं का बघायला आल्यासारख्या. शालननं त्यांनाही कुंकू लावलं. त्या नको म्हणाल्या नाहीत.

पाया पडायला म्हणून शालन वाकली, तशी मी तिला उठवायला म्हणून खुर्चीतनं उठले, आणि डाव्या पोटरीनं दगा दिला. गोळा असा वर चढला की मी ओरडलेच. टॉवेलातला नारळ सुटून गवतात गेला. खुर्चीत मागं पडले, पाय सरळ होईना.

मुजावर सर पळत आले, पण त्यांच्या आधी दौलत खाली बसला होता. गवतात, गुडघ्यावर, सगळ्यांसमोर. माझा चिखलानं भरलेला बूट त्यानं काढला, टाच आपल्या मांडीवर घेतली, आणि तालमीत पोरांचे पाय रगडतात तसा दोन्ही अंगठ्यांनी पोटरी दाबायला लागला. लहानपणी तालमीत गेलेला, हाताला अजून सवय होती. आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली. एवढा मिशीवाला माणूस बाईच्या पायाशी बसलेला, लोक बघणारच.

त्याच्याही ते लक्षात आलं. मान वर न करता पुटपुटला, “मी काय पाया पडायला बसलो न्हाई, आक्का. पोटरी चढलीया, म्हणून धरलाय पाय.”

“मी कुठं काय म्हटलं?” मी म्हणाले. “नीट दाब.”

तो खाली मान घालून दाबत राहिला. त्याच्या डोक्यावरचे केस किती विरळ झाले होते ते मला वरून दिसत होतं. आमचे हे टेम्पोवाल्याला चहा पाजायला गेले, शालन गवतात नारळ शोधत होती, माईकवर दुसऱ्या कुणाची तरी नावं चालू झाली. मध्येच त्यानं विचारलं, “उतरली का?”

“अजून नाही,” मी म्हणाले.

उतरून बराच वेळ झाला होता.